गाठ परत आल्यावर दोघांनी काय करावे

पहिल्या वेळी घरात कुणालाच काही ठाऊक नसते. केमो कशी देतात, शेक, म्हणजे रेडिएशन, किती दिवस चालतो, रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणजे नेमके काय झाले, हे सारे शेजारच्या खाटेवरच्या माणसांकडून हळूहळू कळत जाते. दुसऱ्या वेळी मात्र नवरा-बायको दोघांनाही सगळे पाठ असते. म्हणूनच डॉक्टरांनी ‘परत आलंय’ म्हटले की मागचे सगळे महिने एकदम अंगावर येतात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या माणसांच्या त्या आठवणीत हॉस्पिटलाइतकाच रस्ताही असतो. एका बाजूला नगर रोडवरची वाघोलीची कोंडी, दुसऱ्या बाजूला दौंडहून पहाटेची गाडी, आणि एका तपासणीपायी मोडलेला अख्खा दिवस.

हा लेख अशा जोडप्यांसाठी आहे. देवावर विश्वास असलेल्या, कधी कधी तो डळमळणाऱ्या आणि तरीही पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या. श्रद्धेने धीर मिळतो, यात शंका नाही. पण तो धीर कुठे खर्च करायचा हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. तो तपासणीला वेळेवर पोचण्यात, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारण्यात आणि एकमेकांशी खरे बोलण्यात खर्च झाला, तर या वेळच्या लढाईत त्याचा खरा उपयोग होतो.

पहिल्या आठवड्यात घाई दोन्ही बाजूंनी होते. कुणी त्याच दिवशी ‘आता काही नको, घरी चला’ म्हणते, तर कुणी रात्रीत शेत विकायला निघते. दोन्ही थांबवा. बहुतेक वेळा आठ-दहा दिवस विचाराला मिळतात. फक्त काही लक्षणांत एक तासही दवडू नये. पाठीत तीव्र दुखते आणि पायांतले बळ जाते किंवा लघवी अडते, तेव्हा मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. ती तातडीची बाब आहे. तसेच केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठायचे. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर हवाच.

मिळालेल्या दिवसांत पहिले काम म्हणजे नेमके काय परत आले आहे हे समजून घेणे. आजार त्याच जागी आला आहे, जवळच्या गाठींत आला आहे, की हाडे, फुप्फुस, यकृत असा दूर गेला आहे? स्तनाचा कर्करोग हाडात गेला तरी तो हाडाचा कर्करोग होत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि त्यावर स्तनाच्या कर्करोगाचीच औषधे चालतात. शक्य असेल तिथे नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासायला हवा. हार्मोन आणि हर-२ या खुणा पहिल्या वेळेपेक्षा बदललेल्या असू शकतात, आणि औषध त्यांवरूनच ठरते. ‘मागचा रिपोर्ट आहे ना, परत कशाला सुई?’ असे घरातले म्हणतात. ती सुई सोसण्यासारखी आहे.

दुसरे काम जुन्या फाईलचे. ही फाईल लाखमोलाची असते, आणि नेमकी तीच घराच्या रंगकामात, नाहीतर भावाच्या गाडीत हरवते. मागच्या वेळी शरीराच्या कोणत्या भागाला किती ग्रे शेक दिला, हे कळल्याशिवाय त्याच भागाला पुन्हा शेक देता येईल का, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही. डॉक्सोरुबिसिनसारख्या काही औषधांना आयुष्यभराची मर्यादा असते, कारण ती हृदयावर ताण आणतात. मागे किती मात्रा गेली ते कागदावरूनच कळते. फाईल सापडत नसेल तर जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि काचपट्ट्याही मागून घ्या. मग प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

त्यानंतरचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तरी तो विचारायचाच: ‘डॉक्टर, या उपचाराचा हेतू काय? बरे करणे, आजार आवरून धरणे, की त्रास कमी करणे?’ काही परतलेले कर्करोग पूर्ण बरे करता येतात. स्तनात त्याच जागी आलेली छोटी गाठ, हॉजकिन लिम्फोमा, वृषणाचा कर्करोग, यांत अनेकदा तशी संधी असते. आजार दूरवर पसरला असेल तर बहुधा तो आवरून धरणे हे ध्येय असते, आणि अशा स्थितीत वर्षानुवर्षे कामधंदा करणारी माणसे आहेत. हेतू कळला की दोघांची आशा एका जागी येते. नाहीतर नवरा ‘पूर्ण बरी होणार’ म्हणून राबतो, बायकोला आतून वेगळे कळलेले असते, आणि एकाच घरात दोघे दोन वेगळ्या वाटेने चालत राहतात. या विसंवादाने माणूस औषधापेक्षाही लवकर थकतो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

आशेला आधार द्यायला ठोस गोष्टीही आहेत. तोंड, जीभ आणि घशाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांमुळे तो आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तो परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो, म्हणून त्या काळातल्या तपासण्या चुकवू नयेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने परतलेल्या किंवा पसरलेल्या अशा कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांना निव्होलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीची अगदी लहान, २० मिलीग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी जोडून पाहिली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही ती कमी होती. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते, तर ही जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के. हा उपचार सगळ्यांना लागू पडत नाही. पण ‘एवढ्या पैशाचे इंजेक्शन आपल्याला कुठले’ म्हणून गप्प बसण्याऐवजी ‘लहान मात्रेत जमेल का?’ एवढे विचारता येते. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावरच्या पॅल्बोसायक्लिब गोळीचे पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपले आणि भारतीय कंपन्यांच्या कितीतरी स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. पाच वर्षांपूर्वी परवडत नाही म्हणून सोडलेले औषध आज आवाक्यात असू शकते. दुसरे मत घ्यायला प्रत्येक वेळी टाटासाठी मुंबईतले परळ गाठावे लागते असेही नाही. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून मागता येते.

आता श्रद्धेबद्दल.

या दोन तालुक्यांत श्रद्धेला ठिकाणांची वाण नाही. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातला. दौंडकरांना भीमेपलीकडचा सिद्धटेकचा गणपती जवळ. केडगावला नारायण महाराजांच्या बेटावरचे दत्तमंदिर, आणि त्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन, जिथे प्रार्थनेची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आषाढीला तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामी असते. आजार परतल्यावर माणूस यांतल्या कुठल्या तरी दाराशी जातोच. जावे. तिथे रडावे, भांडावेही. पहिल्या वेळी फेडलेला नवस देवाने मोडला असे वाटून कुणाचा देवावरच राग होतो. तो राग म्हणजे श्रद्धा संपल्याची खूण नव्हे. जोडीदाराने अशा वेळी समजूत घालण्याची घाई करू नये, नुसते शेजारी बसावे.

मात्र शरीराला झेपेल तेवढेच देवाला द्यावे. काही केमोंनंतर तळपाय बधिर होतात. अशा पायांनी अनवाणी रांजणगावला चालत जाण्याचा नवस केला तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. तो नवस जोडीदाराने फेडावा, रुग्णाने गाडीतून दर्शनाला जावे. पेशी कमी असतील त्या दिवसांत पालखीच्या गर्दीत शिरू नये. यवतच्या पिठलं-भाकरीची ओढ कितीही असली तरी त्या दिवशी ती कुणाकडून तरी घरी मागवून गरम करून खावी. संकष्टी, एकादशीचे कडक उपवास केमो चालू असताना नकोत. शेक चालू असलेल्या कातडीवर अंगारा, भंडारा, हळद, तेल यांतले काहीही लावायचे नाही. तिथली कातडी भाजल्यासारखी नाजूक झालेली असते. अंगारा कपाळाला लावला तरी पोचतो.

सर्वांत सावध राहायचे ते ‘केमो बंद करा, मी बरे करतो’ म्हणणाऱ्यापासून. तो बुवा असो, वैदू असो की एखादा गोड बोलणारा उपदेशक. आजार परतल्यावर अशा लोकांचे फोन वाढतात, कारण आता हे घर घाबरलेले आहे हे त्यांना कळते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. न पसरलेला, बरा होऊ शकणारा कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपायांवर विसंबणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मना आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदाही अशा फसवणुकीला लागू पडू शकतो. घरात कुणी काढा किंवा भस्म आणलेच, तर भांडत न बसता त्याचे पाकीट डॉक्टरांना दाखवा. काही वनस्पती केमोच्या औषधांशी झगडतात आणि यकृतावर भार टाकतात.

लोकांसमोरच्या काही जोडप्यांकडूनही यात शिकण्यासारखे आहे. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका इथे घराघरांत पाहिली गेली. तिच्यात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणारे शंतनू मोघे आणि गोदावरीची भूमिका करणाऱ्या प्रिया मराठे हे खऱ्या आयुष्यातले पती-पत्नी. २०१२ मध्ये त्यांचे लग्न झाले. प्रिया यांना कर्करोग झाला, उपचारांनंतर त्या पुन्हा मालिका-नाटकांत उभ्या राहिल्या, आणि मग आजार परतला. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटपर्यंत शंतनू सोबत होते. प्रेम होते, उपचार होते, तरीही आजार जिंकला. हे उदाहरण टाळून आशेबद्दल लिहिणे वाचकांशी खोटे बोलणे होईल. पण दोन आजारांच्या मधली वर्षे त्यांनी भीतीच्या हवाली केली नाहीत, काम केले. ती वर्षे कुणीही हिरावून घेऊ शकले नाही.

ताहिरा कश्यप यांची गोष्ट वेगळ्या वळणाची. अभिनेते आयुष्मान खुराना यांच्या पत्नी असलेल्या ताहिरा यांना २०१८ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला होता. सात वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये तो परतल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले आणि नियमित तपासणीचे महत्त्व त्याच दमात सांगितले. पाच वर्षे झाली, सुटलो, असे आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग दहा, पंधरा वर्षांनीही परतू शकतो. तपासणी सुटता कामा नये.

आणि तिसरे जोडपे आपल्याच जिल्ह्यातले. लेखक अनिल अवचट मूळचे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजेच डॉ. अनिता अवचट, मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनात बुडालेल्यांसाठी १९८६ मध्ये त्यांनी येरवड्याला मुक्तांगण उभे केले. कर्करोगाशी त्यांची झुंज वर्षानुवर्षे चालली आणि त्या काळातही त्या इतरांच्या घरातली व्यसने सोडवत होत्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मुक्तांगण आजही चालू आहे, त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात. आजारी माणसाला ‘तू फक्त आराम कर’ म्हणून घरातल्या सगळ्या कामांतून काढून टाकणारे जोडीदार प्रेमानेच तसे करतात. पण ज्याला झेपेल ते काम, अगदी दुधाचा हिशोब किंवा नातवाचा अभ्यास, ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे.

पैशाचे बोलणे पहिल्याच आठवड्यात व्हावे, आणि ते दोघांत व्हावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ते दर वर्षी नव्याने मिळते, म्हणजे मागच्या आजारात वापरले म्हणून या वेळी संपले असे होत नाही. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते आणि भरलेले बिल नंतर परत मिळवणे फार कठीण. माहितीसाठी १५५३८८ या क्रमांकावर फोन करता येतो. याशिवाय धर्मादाय न्यासांच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

प्रवासाचेही गणित बसवता येते. ससून, जहांगीर आणि रुबी हॉल ही तिन्ही पुणे स्टेशनच्या जवळ असल्याने दौंडकरांना रेल्वे सोयीची. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही तितकीच. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाला तिकीट माफ. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दौंडच्या माणसांनी बार्शीचाही विचार करावा. सोलापूर मार्गावर कुर्डुवाडीला उतरले की बार्शी जवळ, आणि तिथले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल ग्रामीण रुग्णांसाठीच उभे राहिलेले आहे. शिरूरकरांना एसटीचा रस्ता. महिलांना अर्धे तिकीट आहेच. हाडातल्या दुखण्यासाठी शेक सांगितला तर तो एकाच बैठकीत देता येईल का, हे जरूर विचारा. अनेक रुग्णांत एका बैठकीने दुखणे तेवढेच कमी होते, आणि रोजचे हेलपाटे वाचतात. ऊसतोड किंवा कांदाकाढणीच्या तारखा डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. केमोचा दिवस दोन-चार दिवसांनी पुढे-मागे सरकवता येईल का, ते तेच सांगू शकतात. तो परस्पर चुकवू नका.

घरात कुणाला काय सांगायचे? मुलांना वयाप्रमाणे, पण खरे. आईचे केस पुन्हा जाणार आहेत हे त्यांना शेजारणीकडून कळू नये. सासू-सासऱ्यांना रोज नवी बातमी द्यावी लागू नये म्हणून एका दिराला किंवा नणंदेला ‘फोनवाला माणूस’ नेमा. भेटायला येणाऱ्यांची रीघ केमोनंतरच्या दिवसांत थांबवायची जबाबदारीही त्याचीच. आणि दोघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दार लावून बसावे. शरीराच्या जवळिकीबद्दल, भीतीबद्दल, जमीन कुणाच्या नावावर आहे याबद्दल, शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको याबद्दल बोलावे. हे बोलणे अभद्र नाही. त्याने आयुष्य कमी होत नाही.

वेदनाशामक सेवेबद्दल, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरबद्दल, फार मोठा गैरसमज आहे. ‘तिकडे पाठवले म्हणजे संपले’ असे लोक समजतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोसोबत सुरुवातीपासून ही सेवा दिली गेली. त्यांचे जगणे सुसह्य झाले, शिवाय ते इतरांपेक्षा सरासरी जास्त जगले: ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देते. रुग्णाची वेदना, उलट्या, झोप यांच्याबरोबर सांभाळणाऱ्याला घरी काय करायचे तेही तिथे शिकवतात. उपचार चालू असतानाच एकदा जाऊन या. मॉर्फिनच्या गोळीची भीती बाळगू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेवर घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही.

शेवटी सांभाळणाऱ्याकडे पाहायला हवे. बायकोच्या आजारात नवऱ्याची तंबाखू वाढते, नवऱ्याच्या आजारात बायकोची बीपीची गोळी राहून जाते. बारामतीचे शरद पवार २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगातून उठले आणि नंतर तंबाखू-गुटख्याविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. पंचक्रोशीतल्या कुठल्याही नवऱ्याला तेवढे उदाहरण पुरे. हॉस्पिटलची फेरी नसेल त्या दिवशी दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सोबत्याने आपली साखर, बीपी आणि तोंडाची तपासणी करून घ्यावी, आणि पत्नी सांभाळणारी असेल तर तिने स्तनांची तपासणीही. तो रिपोर्ट त्याच फाईलमध्ये, मागच्या कप्प्यात लावावा.